फिट पाहणाऱ्याचं काम

ज्याला फिट येते, त्याला ती बहुतेकदा आठवतच नाही. डॉक्टरांना हवी असलेली माहिती असते पाहणाऱ्याकडे. दोन फिट्सच्या मधल्या काळात काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, अगदी नॉर्मल येऊ शकतो, एमआरआयसुद्धा. म्हणजे निदान बरंचसं घरच्यांच्या वर्णनावर उभं राहतं, आणि घरचे सांगतात काय, तर ‘पडला आणि हातपाय झाडले’. एवढ्यावर भागत नाही.

सगळ्यात आधी घड्याळ पाहा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. अंगभर झटके येणारी फिट साधारण एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटं उलटली की ती आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, म्हणून रुग्णवाहिका तेव्हा. शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली, श्वास नीट चालत नसेल, फिट पाण्यात आली, जबर मार लागला, रुग्ण गरोदर आहे किंवा आयुष्यातली पहिलीच फिट आहे, तर पाच मिनिटंही थांबायचं नाही. फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर किती, कधी आणि पुन्हा द्यायचा का, हे कागदावर लिहून स्प्रेसोबतच ठेवा.

बाकी करायचं थोडंच असतं. डोक्याखाली काहीतरी मऊ, चष्मा बाजूला, गळ्याशी कपडे सैल, टोकदार वस्तू दूर. दाबून धरू नका, त्यानं खांदा निखळू शकतो. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही नको. जीभ गिळली जात नाही. चमच्यानं दात मात्र तुटतात. झटके थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाते.

आता पाहायचं काय? मुख्य म्हणजे सुरुवात. मान आणि डोळे कुठल्या बाजूला वळले? आधी एकच हात झटकत होता का? पडण्याआधी तो ओठ चावत, कपड्यांशी चाळा करत, हाकेला उत्तर न देता बसला होता का? शुद्धीवर आल्यावर एखादा हात लुळा वाटला का, बोलणं किती वेळानं सुधारलं? एका बाजूनं झालेली सुरुवात मेंदूच्या ठरावीक भागाकडे बोट दाखवते.

एक गोष्ट हमखास सुटते. किशोरवयीन मुलांच्या हातातून सकाळी उठल्या-उठल्या कप उडतो, ब्रश पडतो, आणि घरचे त्याला वेंधळेपणा म्हणतात. हे छोटे झटके एका विशिष्ट प्रकारच्या अपस्माराचं (वारंवार फिट येण्याच्या आजाराचं) लक्षण असू शकतात, आणि त्या प्रकारात कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन या फिटवरच्याच औषधांनी त्रास वाढू शकतो. तो पडलेला कप डॉक्टरांना सांगितला नाही तर गोळीच चुकीची लिहिली जायची.

घरात दोघं असतील तर एकानं सांभाळावं, दुसऱ्यानं मोबाइलवर चित्रण करावं. चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, अंगावर पांघरूण नको. मध्येच नावानं हाक मारा. प्रतिसाद आला की नाही तेही त्यात येतं.

वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या रात्रीची झोप, ताप, पाळी, दारू, चुकलेली गोळी आणि नव्यानं सुरू झालेलं कुठलंही औषध. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकानंही फिट येऊ शकते. नियंत्रणात असलेला आजार अचानक डोकं वर काढतो तेव्हा कारण बहुधा गोळी चुकल्याचंच निघतं. सात दिवसांच्या खणांचा डबा इथे कामाला येतो: गोळी घेतली की नाही यावर वाद घालायला नको, खण दिसतोच. चुकलेल्या गोळीचं आणि गोळी घेतल्यावर उलटी झाली तर काय करायचं, हे आधीच विचारून ठेवा. मनानं दुप्पट डोस देऊ नये, आणि बरं वाटतंय म्हणून औषध एकदम बंद करणं तर सगळ्यात धोक्याचं.

बाथरूमला आतून कडी नको, आंघोळ बसून, भरलेल्या टबात नाही.

चित्रणाची परवानगी मात्र त्या माणसाकडून आधीच घ्यावी. फिट आल्यावर कुणाला कळवायचं, कुणाला नाही, हेही त्यानंच ठरवावं. डॉक्टरांना दाखवून झालं की तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर जायचं काहीच कारण नाही.