मॅटर आधी, डिझाइन मागून

सांगलीत ग्राफिक डिझाइनचा स्टुडिओ चालवताना पहिल्या भेटीत मला बहुधा एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे लोगोचे किती घेणार. प्रश्न रास्त आहे. परंतु दर सांगण्याआधी मी जे विचारतो, त्याने समोरची व्यक्ती थोडी खट्टू होते. मजकूर, म्हणजे आमच्या भाषेत मॅटर, कोण देणार आणि प्रूफवर, म्हणजे छपाईआधी तपासायच्या नमुन्यावर, सही कोणाची असणार? ‘‘ते तुम्हीच बघा, तुमचं तर रोजचं काम आहे,’’ असे उत्तर आले की मी अंदाजे दरही सांगत नाही. गिऱ्हाईक आणि स्टुडिओ यांच्यातील भांडणे रंग आवडला नाही म्हणून क्वचितच होतात. ती होतात आधी ठरवायचे राहून गेलेल्या गोष्टींवरून.

मजकूर आणि चित्र एकाच जाणत्या माणसाच्या हाती असण्याचे भाग्य आमच्याच जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीला लाभले होते. १९२० साली तेथील कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघू लागले, त्यामागे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकरराव किर्लोस्कर होते. प्रत्येक दुकानाला असा माणूस कोठून मिळणार?

मार्केट यार्डातील हळदीचेच उदाहरण घेतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या पॅकेजिंगमध्ये हळद आणि बेदाणाच अधिक असतो. पाकिटाचे डिझाइन म्हणजे पुढच्या बाजूचे नाव आणि हळकुंडांचे चित्र, अशी मालकाची समजूत असते. खरा वेळ मागच्या बाजूला जातो. तेथे निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, पॅक करणाऱ्याचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक हे सर्व बसवायचे असते, शिवाय बॅच क्रमांक व तारीख नंतर उमटवण्यासाठी कोरी जागा राखायची असते. शाकाहाराचे हिरवे चिन्ह केवढे असावे, हेसुद्धा आमच्या मर्जीवर नाही. दर्शनी बाजूचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर आतील वर्तुळाचा व्यास किमान ३ मिलिमीटर लागतो आणि पाकीट मोठे होईल तसा तो वाढतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ते चिन्ह पाकिटावर टाकून देण्याची मागणीही हमखास येते. परंतु त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेली असावी लागते, आणि ती झाली आहे की नाही हे व्यापाऱ्यानेच सांगायचे असते. डिझायनर मांडणी करतो. परवाना क्रमांक तो कल्पनेने काढू शकत नाही.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण छपाईच्या पद्धतीत आहे. मोठ्या संख्येने लागणाऱ्या पाकिटांची फिल्म बहुधा ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात आणि तिच्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. संगणकावर एक अंक बदलायला अर्धे मिनिट पुरते. सिलिंडर कोरून झाल्यावर मात्र त्याच अंकासाठी नवा सिलिंडर करावा लागतो. काही वर्षांपूर्वी मी एका व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवले, त्यांनी लगेच अंगठ्याचे चिन्ह पाठवले आणि मी फाइल पुढे पाठवून दिली. तयार पाकिटांवर वजन चुकीचे आले. त्यांनी ते मोबाईलच्या पडद्यावर वाचलेच नव्हते, आणि अंगठा म्हणजे संमती असे गृहीत धरण्याचा मूर्खपणा माझा होता. खर्च आम्ही निम्मा निम्मा वाटून घेतला, तरी ते पुन्हा आमच्याकडे आले नाहीत.

मोबाईलच्या पडद्यावर विसंबण्याचा दुसरा तोटा रंगाचा आहे. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छपाई चार शायांच्या मिश्रणातून होते, त्यामुळे पडद्यावर झळाळणारा केशरी किंवा हिरवा कागदावर थोडा मंदच येतो. ही डिझायनरची लबाडी नव्हे. रंगाविषयी आग्रह असेल तर छापील नमुना मागावा आणि त्याचे पैसे द्यावेत. जुना लोगो व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवण्याची सवयही सोडावी, कारण त्यात चित्र आकसते. १२०० पिक्सेल रुंदीचे चित्र इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने जेमतेम ४ इंच छापता येते, आणि गिऱ्हाईक त्यावरून १० फुटी फ्लेक्स मागते.

मराठी मजकुराचे दुखणे निराळे आहे. जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेले मॅटर सर्व संगणकांवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणले नाही तर ते दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडते. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉण्टमध्ये आपला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मिळत नाही, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झालेला कोणाच्या लक्षातही येत नाही. २०२२ च्या कायदेदुरुस्तीनंतर महाराष्ट्रातील लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत असेही ठरले. तेव्हा स्टुडिओ निवडताना त्यांचे इंग्रजी काम पाहून भुलू नये. त्यांनी केलेली एखादी मराठी पाटी जाऊन पाहावी.

आता मालकीविषयी, कारण येथे आमच्या व्यवसायातील मंडळीही सोयीस्कर मौन पाळतात. लोगोचे पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असे गिऱ्हाइकाला वाटते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मात्र बाहेरून करून घेतलेल्या लोगोचा हक्क सामान्यतः तो तयार करणाऱ्याकडेच राहतो, आणि गिऱ्हाइकाच्या नावे करायचा तर लेखी, सहीनिशी हस्तांतरण लागते. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. म्हणून आमच्या बिलासोबत मी एक साधे पत्र देतो, ज्यात पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क कायमचे व सर्वत्र हस्तांतरित होत असल्याचे लिहिलेले असते. ओपन फाइल, म्हणजे पुढे बदल करता येणारी मूळ फाइल, मिळणार की फक्त पीडीएफ, हेही त्याच पत्रात असते. फॉण्ट व विकत घेतलेल्या छायाचित्रांचे परवाने यात येत नाहीत, ते वेगळे पाहावे लागतात. ज्या स्टुडिओत तयार टेम्प्लेटमधले चिन्ह थोडे वळवून दिले जाते, तेथे काम स्वस्त होते हे खरे. पण तेच चिन्ह मिरजेतील दुसऱ्या दुकानावर दिसले तर तक्रार कोणाकडे करणार?

करेक्शन किती वेळा मिळणार आणि ॲडव्हान्स किती, हे प्रत्येक स्टुडिओ आपापल्या परीने ठरवतो. ते लिहून घ्यावे, एवढेच. पण करेक्शन एकाच माणसाने सांगावे. भागीदार एक सांगतो, त्याचा मेहुणा दुसरे, आणि शेवटी पहिलेच बरे होते असे ठरते.

आता आमच्याकडे प्रूफ कागदावर, प्रत्यक्ष आकारात काढले जाते आणि गिऱ्हाइकाने समोर बसून ते मोठ्याने वाचायचे असते. गेल्या हंगामात एका तरुण मालकाला हे फार जुनाट वाटले, म्हणून त्याने वाचायचे काम बरोबर आलेल्या आजोबांवर सोपवले. त्यांनी चष्मा पुसला, नावापासून सुरुवात करून एकेक शब्द बोटाने सरकवत वाचला आणि पत्त्यापाशी येऊन थांबले. पिनकोड ४१६४१६ ऐवजी ४१४६१६ झाला होता. सही मी त्यांचीच घेतली.