सुसाटोच्या चोपड्या

गुरुवार रात्र, अँटवर्प

उद्या सकाळी ऑफिस आहे, तरी आज लिहून ठेवलंच पाहिजे. संध्याकाळच्या तालमीत आम्ही नव्या छपाईचे स्कोअर, म्हणजे सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक असलेली पानं, उघडलेच नाहीत. तीलमान सुसाटोने १५५१ साली छापलेल्या नाचांच्या संग्रहातला एक अख्खा पवान, म्हणजे संथ चालीचा नाच, मूळ पानांच्या प्रतिकृतीवरून वाजवला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधे न थांबता!

सुसाटो याच शहरात वाजंत्री होता, नगरपालिकेच्या पगारावर. १५४३ च्या सुमारास त्याने छपाई सुरू केली, आणि पुढे त्याच्या दुकानाची खूण होती क्रुमहॉर्न, म्हणजे मी वाजवते तेच आकड्यासारखं वळलेलं वाद्य. या संग्रहाच्या मुखपृष्ठावर त्याने लिहिलंय की हे नाच सगळ्या वाद्यांवर वाजवायला सोयीचे आहेत. कुठलं वाद्य कुठल्या ओळीला, हे तो सांगत नाही. जे घरात असेल ते काढा आणि बसा. आमच्या गटाला हे फार मानवतं. टेनर रेकॉर्डरवाल्या (रेकॉर्डर म्हणजे सरळ धरून वाजवायची बासरी) बाई नर्स आहेत, बास क्रुमहॉर्न एका निवृत्त शाळामास्तरांकडे, गांबा हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजवणारी मुलगी अजून कॉलेजात आणि सुपेरियसची वरची ओळ वाजवणारा बेकरीत कामाला, त्याला पहाटे तीनला उठायचं असतं. पोटासाठी कोणीच वाजवत नाही.

संग्रह एक, पण चोपड्या चार, वरच्या ओळीपासून खर्जापर्यंत: सुपेरियस, कॉन्ट्राटेनर, टेनर, बासुस. ज्याच्या-त्याच्या पुढ्यात फक्त त्याची ओळ. शेजारी काय चाललंय ते कागदावर दिसत नाही. स्वरांची डोकी शंकरपाळ्यांसारखी, आणि प्रत्येक स्वराबरोबर पाच रेघांचा तेवढाच तुकडा छापलेला, कारण टाइपाच्या एकेका खिळ्यावर स्वर आणि रेघा एकत्रच असायच्या. म्हणून रेघा जरा तुटक दिसतात. वेनिसमध्ये पेत्रुच्चीने १५०१ साली संगीताचं आपलं पहिलं पुस्तक काढलं तेव्हा रेघा वेगळ्या छापायच्या, स्वर वेगळे. देखणं काम, पण महाग. १५२८ पासून पॅरिसमध्ये आतैन्याँ एकाच दाबात छापू लागला आणि संगीत सामान्य घरांत पोचलं. त्या तुटक रेघा मला म्हणूनच प्रिय आहेत. त्या हौशी लोकांसाठीच आल्या.

मात्रांचे गट, म्हणजे बार, पाडणारे उभे दंड या पानांवर नाहीत. नव्या स्कोअरवर कोणी चुकलं की 'चोविसाव्या बारपासून' म्हणून पुन्हा निघता येतं. इथे आकडाच नाही, मग कान उघडे ठेवावे लागतात. टेनर रेवरून सावर उतरली, वरचा नीवरून सावर चढला, म्हणजे ओळीचा मुक्काम आला, हे ऐकून कळावं लागतं. शाळामास्तर सुरुवातीला हाताने फक्त टाक्टुस, म्हणजे लयीचा सारखा ठोका, देतात, एकदा खाली, एकदा वर. सम दाखवत नाहीत. माझं सगळं शिक्षण सांगलीत गाण्याच्या क्लासमध्ये झालं, त्यामुळे कागदापेक्षा माणसाकडे लक्ष देणं मला परकं वाटत नाही. पण माझे सोबती लहानपणापासून बार मोजत वाढलेले. त्यांना आज एकमेकांकडे बघत, श्वास एकत्र घेत वाजवताना पाहिलं आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

त्याआधी सूर जुळवताना जे झालं ते आजचं खरं सुख. मी आणि बेकरीवाला, दोघं सोप्रानो रेकॉर्डरवर. मी सा धरला, त्याने ग. त्याचा ग पियानोतला, म्हणजे सापेक्षा ४०० सेंट वर (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). शुद्ध गंधार ३८६ च्या आसपास. मी खुणेने 'उतर, आणखी उतर' म्हणत राहिले. तो फुंक हलकी करत, भोकाच्या कडेवर बोट सरकवत खाली आला. आधी कानात नुसती गुरगुर होती, मग ती एका जागी बसली आणि आम्हा दोघांच्या खाली, माझ्या 'सा'पासून बरोबर दोन सप्तकं खाली, तिसराच सा वाजायला लागला. तो कोणीच वाजवत नव्हतं! चारास पाच या प्रमाणात दोन स्वर लागले की त्यांच्यातला फरक एक उरतो, आणि कान तो एक ऐकतो. घरी मिरजेचा तानपुरा होता. त्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो, तिचा पाचवा उपस्वर म्हणून. इथे उलटं झालं, सा आणि ग यांनी मिळून खर्ज काढून दिला. बेकरीवाल्याने रेकॉर्डर खाली घेतला आणि "हे कुठून आलं?" म्हणाला. मग आम्ही ते पुन्हा पुन्हा केलं, बाकीचे येईपर्यंत.

सोळाव्या शतकातल्या लोकांना हाच गंधार हवा होता. पिएत्रो आरोन या इटालियन संगीतशास्त्र्याने १५२३ मध्ये की-बोर्ड जुळवायची जी पद्धत सांगितली तिच्यात गंधार शुद्ध राहावा म्हणून पंचम थोडे थोडे उतरवलेले आहेत. गांबाला तर सतारीसारखे बांधलेले पडदे असतात, तेही तातीचे, गळ्याभोवती गाठ मारलेले. आमच्या मुलीने आज एक पडदा सूतभर सरकवला आणि तिचा गंधार आमच्यात येऊन मिसळला. पक्के ठोकलेले पडदे असते तर हे झालं नसतं.

क्रुमहॉर्नचं मात्र वेगळं. त्याची दुहेरी पत्ती लाकडी टोपीच्या आत असते, ओठ तिला लागतच नाहीत. जोरात फुंकलं की सूर चढतो, हळू फुंकलं की पडतो, म्हणून लहान-मोठा आवाज करायची सोय नाही. स्वर जेमतेम नऊ. मग भाव आणायचा कशाने? जिभेने. गानास्सीने १५३५ साली वेनिसमध्ये रेकॉर्डरवाल्यांसाठी ते-के, ते-रे, ले-रे अशा जोड्या दिल्या आहेत, कडक ते मऊ. मी त्या क्रुमहॉर्नवरही वापरते. तराणा गायलेल्या जिभेला त्या पटकन बसतात.

आजचा पवान जोस्कॅं या जुन्या संगीतकाराच्या नावावर असलेल्या 'मिल रेग्रे' या गाण्यावरून केलेला. 'तुला सोडून जाताना हजार खंत' असे शब्द. फ्रिजियन मोड, म्हणजे स्वर भैरवीचे (स्वर फक्त, राग नाही). तरीही ती कोमल रिषभावरून सावर येणारी ओळ बासमध्ये आली की मला मैफलीच्या शेवटचा तंबोरा ऐकू येतो. वैयक्तिक आहे, पण ते बाजूला ठेवून मला वाजवता येत नाही.

नंतर रोंड नावाच्या दुसऱ्या एका नाचावरून वाद झाला. शेवटच्या मुक्कामाला सुपेरियसच्या चोपडीत कोमल नी छापलेला आहे. टेनर रेवरून सावर उतरते, तेव्हा वरच्याने न लिहिलेला शुद्ध नी घ्यायचा, असा त्या काळचा रिवाज. वादकाला ते माहीत असणारच, म्हणून छापायची गरज नव्हती. शेवटच्या मुक्कामाबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. अडलंय ते मधल्या मुक्कामावर. नर्सबाई म्हणतात तिथेही शुद्ध घ्या. माझं म्हणणं, तिथे कोमलच राहू दे, म्हणजे शेवटचा शुद्ध नी उजळून निघेल. पुढच्या गुरुवारी दोन्ही वाजवून बघायचं ठरलंय. मास्तर म्हणाले, डोळे मिटून ऐकीन आणि मगच मत देईन. मी रविवारी टेनरची ओळ गाऊन बघणार आहे, कदाचित नर्सबाईंचंच बरोबर असेल.