मक्याच्या शेतात गेलेले महिने

पेन्शनची फाइल उघडली की मी आधी क्रमांकापुढचं अक्षर बघते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या अशा ऐंशी हजारांहून जास्त फाइली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहेत आणि आता त्या घरबसल्या वाचता येतात. ‘एस’ असेल तर सैनिकाला स्वतःला पेन्शन मिळाली, ‘डब्ल्यू’ असेल तर विधवेला, आणि ‘आर’ म्हणजे अर्ज नामंजूर. वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी स्थानिक इतिहासाचा विभाग सांभाळते. ‘आर’ निघाला की समोरच्याचा चेहरा पडतो, हे नेहमीचंच.

त्या दिवशी आलेल्या गृहस्थांचा पडला नाही. निवृत्त खाणकामगार, सत्तरी ओलांडलेले, दोन वाक्यांमध्ये दम घ्यायला थांबणारे. म्हणाले, “आमच्या घरात सांगतात, सरकारने आमच्या पूर्वजाला फसवलं. खरंच फसवलं की तोच थापा मारत होता, एवढं मला कळू द्या. उत्तर काहीही असलं तरी चालेल.”

अर्ज १८३३ चा. सरहद्दीवरच्या मिलिशियाला, म्हणजे गरजेपुरत्या बोलावलेल्या स्थानिक नागरिकांच्या सैन्याला, तोवर कुणी विचारत नव्हतं. १८१८ च्या कायद्याने पेन्शन दिली ती कॉन्टिनेंटल, म्हणजे नियमित राष्ट्रीय फौजेतल्या गरजूंना. ७ जून १८३२ च्या कायद्याने मिलिशियालाही दार उघडलं आणि गरिबी सिद्ध करायची अटही ठेवली नाही. दोन वर्षं सेवा झाली असेल तर पूर्ण पगार तहहयात, म्हणजे साध्या शिपायाला वर्षाला ८० डॉलर. त्याहून कमी असेल तर त्या प्रमाणात, सहा महिन्यांना २० डॉलर. सहा महिन्यांना एक दिवस कमी पडला तर काही नाही.

तर हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस काउंटीच्या कोर्टात उभा राहिला. प्रश्न वॉशिंग्टनहून ठरवून आलेले: जन्म कुठला, वयाची नोंद कुठे आहे, बोलावणं आलं तेव्हा कुठे राहत होतास, आपणहून गेलास, सक्तीने की दुसऱ्याच्या बदली, सुटकेचा कागद मिळाला का, शेजारपाजारचं कोण तुझ्या वतीने बोलेल. वयाची नोंद वडिलांच्या बायबलमध्ये होती, ते घराबरोबर जळालं. कॅप्टन मेलेला. कागद कधी मिळालाच नव्हता. सहीच्या जागी फुली. (मी मूळची साताऱ्याकडची. हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरात बँकेपुढे लागणारी माजी सैनिकांची रांग बघत वाढलेय, त्यामुळे ही उलटतपासणी मला परकी वाटत नाही.)

सगळ्यात लांबलचक सांगितलंय ते १७७४ चं. आजच्या ल्यूइसबर्गच्या जागी असलेल्या कॅम्प युनियनवरून अँड्र्यू ल्यूइसच्या फौजेबरोबर जंगलातून कनावा नदीच्या मुखापर्यंतची चाल, आणि १० ऑक्टोबरला पॉइंट प्लेझंटला शॉनी या मूळ रहिवाशांच्या जमातीचा सरदार कॉर्नस्टॉक याच्या लोकांशी दिवसभर चाललेली लढाई. म्हाताऱ्याच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट. कारकुनाने ती एका रेघेत वजा केली, कारण हे व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डन्मोर याचं युद्ध. स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं पुढच्या वर्षी. शॉनींच्या दृष्टीने मात्र दोन्ही युद्धं त्यांच्याच शिकारीच्या मुलखासाठीची, पण त्यांचं म्हणणं लिहून घ्यायला कुठलं कोर्ट बसलं नव्हतं.

पुढचे उन्हाळे टेहळणीचे. दोघादोघांनी एका गढीपासून दुसऱ्या गढीपर्यंत डोंगरधारांवरून चालत जायचं, माग दिसतो का बघायचं, रात्री विस्तव पेटवायचा नाही. उरलेले दिवस गढीत. वसंत ऋतू लागला की आसपासची कुटुंबं गढीत गोळा व्हायची ती पानं गळेपर्यंत. आणि इथे म्हातारा सांगून जातो, “आमच्यातले निम्मे बंदुका घेऊन उभे राहायचे, निम्मे मका खुरपायचे, मग पाळी बदलायची.”

हे वाक्य वाचून माझा त्याच्यावर विश्वास बसला. पेन्शन कचेरीचा बसला असेलही, पण नियम असा की सेवा रीतसर उभारलेल्या तुकडीत, अधिकार असलेल्याच्या हुकमाने झालेली हवी आणि त्या काळात माणूस दुसऱ्या कुठल्याही उद्योगात नको. मका खुरपणं हा उद्योगच. समासात आकडेमोड आहे: १७७४ चे महिने वजा, गढीतले वजा, शिल्लक पाच महिने आणि काही दिवस.

वर्षभराने दुसरा अर्ज आला. त्यात म्हातारपणामुळे आणि त्यापायी स्मरणशक्ती गेल्यामुळे नेमका काळ शपथेवर सांगता येत नाही, पण सेवा नऊ महिन्यांहून कमी नव्हती, तुकडी रीतसर होती, दुसरा कुठलाही उद्योग केला नाही, असं ठाशीव भाषेत लिहिलंय.

“मका कुठे गेला?” गृहस्थ लगेच म्हणाले.

मका वकिलाने काढला असणार. ही वाक्यं खुद्द कचेरीनेच ठरवून दिलेली. इतर असंख्य फाइलींत ती जशीच्या तशी सापडतात. पण नेमकं त्याच सुमारास सिंगलटन नावाचे सरकारी वकील पश्चिम व्हर्जिनियात (आमचं राज्य तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होतं) बोगस पेन्शनरांचा शोध घेत फिरत होते. काही जण खोटे होतेच, हेही खरं. अशा वातावरणात वाढलेले महिने कोण मान्य करणार? शेरा पडला: सहा महिने सेवा नाही.

मी त्यांना सांगितलं, माझ्या मते पहिला अर्ज खरा आणि दुसरा कचेरीच्या मापाने शिवलेला. त्यांनी मान हलवली. खाणीतल्या धुळीने फुप्फुसं गेलेल्यांच्या भरपाईत जमिनीखालच्या पंधरा वर्षांना फार किंमत असते. तेवढी भरली आणि आजाराने माणूस कामातून गेला, तर तो धुळीमुळेच असं कायदा धरून चालतो. त्यांच्या वडिलांची वर्षं थोडक्यात कमी भरली होती, कारण एका बंद पडलेल्या खाणीची हजेरीबुकंच सापडेनात. “दोन जोडीदारांनी शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे जमलं,” म्हणाले. “तेही थोडं वाढवूनच बोलले असतील.”

मग त्यांनी पहिला अर्ज पुन्हा वाचायला घेतला आणि २९ मे १७७८ पाशी थांबले. डॉनलीच्या गढीवर हल्ला झाला, तेव्हा आत असलेल्या एका काळ्या गुलामाने दारातून बंदूक झाडली आणि बाकीच्यांना सावध व्हायला वेळ मिळाला, एवढंच तिथे आहे, नाव नाही. नाव आम्हा इथल्या लोकांना माहीत आहे: डिक पॉइंटर. त्याला स्वातंत्र्य मिळालं ते १८०१ मध्ये. म्हातारपणी त्याला पेन्शन द्या म्हणून ग्रीनब्रायर काउंटीच्या रहिवाशांनी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला. १८२७ मध्ये तो वारला, म्हणजे १८३२ चा कायदा त्याच्या वाट्याला आलाच नाही.

गृहस्थांना हे ठाऊक नव्हतं. विधिमंडळाकडे आलेले असे जुने अर्ज रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहेत, असं मी म्हणाले, तर त्यांनी तिथल्या तिथे प्रतीसाठी विनंती लिहायला लावली.

“खाली सह्या असतील ना?” त्यांनी विचारलं. “आमच्या माणसाची आहे का बघा. सही नसेल, निदान फुली तरी.”

विनंती मी त्याच संध्याकाळी पाठवली.