भिंतीवर ही गर्दी कशाला?

घरी येणारं जवळजवळ प्रत्येक जण विचारतं, "हॉलमध्ये हे कसलं चित्र लावलंय? रूळ, शेड, दाटीवाटी... डोळ्यांना बरं वाटेल असं काही लावा की." तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं सांगते.

ते चित्रकार सुधीर पटवर्धनांचं 'लोअर परळ' आहे, मुंबईच्या गिरणगावातल्या भागाचं, 2001 सालचं. पुस्तकातलं पान मी फ्रेम करून घेतलंय.

रंगांमुळे आवडतं का? हो, रंगांमुळेही. गरिबाघरचं चित्र म्हटलं की ते काळपटच हवं, हे मला पटत नाही. आमच्या चाळीच्या गॅलरीत दांडीवर वाळणाऱ्या लुगड्यांना रंग नव्हते का? पटवर्धन माणसाचा रंग काढून घेत नाहीत, वजनही नाही. त्यांची आधीची चित्रं बघा, जाड मनगटं, रुंद खांदे. ठाण्यात 1975 ते 2005 अशी तीस वर्षं ते क्ष-किरणतज्ज्ञ होते. दिवसा माणसांची हाडं बघायची आणि घरी येऊन त्या हाडांवर मांस चढवायचं, असंच मला त्यांचं काम वाटतं.

हे सगळं मी अण्णांनाही सांगितलं होतं.

जानेवारी 2020. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. ते बघून मी भारावले होते. त्याच आठवड्यात त्यांच्या चित्रांचं पुस्तक घेऊन अण्णांकडे गेले. अण्णा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर त्यांच्या हाताला साचा लागला नाही. मी 'लोअर परळ'चं पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. तर्जनी छपरांवरून हळूहळू फिरवत नेली, एका जागी थांबवली, पुन्हा मागे आणली. मला वाटलं, आपली गिरणी शोधताहेत. मी वाट बघत होते, खरं सांगायचं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येण्याची.

त्यांनी विचारलं, "हे केवढ्याला गेलं?"

मी म्हटलं, नक्की माहीत नाही, पण यांची चित्रं लाखांत जातात.

"आमचं देणं अजून आलं नाही," अण्णा म्हणाले. पुस्तक मिटून त्यांनी माझ्या हातात दिलं. "चित्र मात्र विकलं गेलं."

मी तेव्हा वाद घातला. म्हटलं, त्यांनी काढलं नसतं तर तुम्ही होतात हे कुणाला कळलं असतं? हेच चित्रकार महाराष्ट्रातल्या इतर शहरांत चित्रप्रदर्शन घेऊन गेलेत. कामगाराचं चित्र मध्यमवर्गीय माणसाने काढावं का, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारलाय. अण्णा काही बोलले नाहीत. आज वाटतं, मी तेव्हा चित्रकाराची बाजू घेत नव्हते. अण्णांचं आयुष्य एका सुंदर गोष्टीत बसवून मोकळं व्हायची घाई मलाच होती.

तरी चित्र उतरवलं नाही. त्या छपरांखाली काय चालायचं हे त्या पानावर नाही, अण्णांचं बरोबर आहे. पण ती छपरं आता परळमध्येही फारशी दिसत नाहीत, तिथे मॉल आणि टॉवर आहेत. माझ्या मुलीला मी दुसरं काय दाखवू?

अण्णा दर रविवारी येतात. चहा हॉलमध्येच घेतात, चित्राकडे पाठ येईल अशी खुर्ची फिरवून.