तुम्ही विचारलंत म्हणून: काता शिकून रस्त्यावर उपयोग काय?

बेल्टची परीक्षा झाली की कुणाची तरी आई, नाहीतर बाबा मला हॉलच्या कोपऱ्यात गाठतात. कधी कॉलेजातली एखादी मुलगी स्वतःच विचारते. शब्द वेगळे, प्रश्न एकच: "मॅडम, काता दिसतो छान, पण उद्या स्टेशनबाहेर कुणी हात धरला तर याचा उपयोग काय? तिथे कोण असं पाय फाकवून, एक मूठ कमरेला लावून उभं राहणार आहे?"

आडवळण न घेता सांगते. बहुतेक क्लासांत काता जसा शिकवतात तसा शिकलात, तर उपयोग जवळजवळ नाही. ज्या कामासाठी तो रचला गेला ते काम समजून घेऊन, जोडीदाराच्या अंगाशी भिडून शिकलात, तर आहे आणि चांगलाच आहे. हे असं एका दमात सांगितलं की ऐकणारा बुचकळ्यात पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांचा कराटेशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी आधी एवढंच: काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली. त्या सुट्या करून, समोर माणूस उभा करून, कुठली हालचाल कशासाठी आहे ते शोधणं म्हणजे बुंकाई.

शोतोकान शैलीतला पहिला काता घ्या, हेयान शोदान. पांढऱ्या पट्ट्याला हाच शिकवतात. डावीकडे वळायचं, डावा पाय पुढे, डावा हात उजव्या कानापासून खाली झाडायचा आणि उजवी मूठ कमरेला ओढायची. याला गेदान बाराई म्हणतात आणि सांगितलं जातं की समोरच्याने किक मारली, ती आपण हाताने खाली झटकली. पोरं माना डोलावतात. पण जोरात आलेली किक एकदा खरंच अशी झटकून बघा. त्याची नडगी आणि आपलं मनगट यांच्या टकरीत कुणाचं काय होईल ते सांगायला डॉक्टर लागत नाही. शिवाय किक येत असताना मी पाऊल पुढे का टाकतेय? हात आधी कानापाशी नेऊन मग खाली आणायला मला वेळ कुणी दिला?

त्याच कातात पुढे ओळीने तीन आगे उके येतात. डोक्यावरचा वार अडवायचा, असं त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण. तिन्ही वेळा आपण पुढे चालत जातो आणि तिसऱ्यावर कियाई करतो, म्हणजे पोटातून ओरडतो. म्हणजे मारणारा मागे मागे पळत मारतोय आणि आपण नुसतं अडवून विजयाची आरोळी ठोकतोय! चुणचुणीत मुलं इथे हमखास हसतात. त्यांचं बरोबरच आहे.

आता याच कातातली चौथी हालचाल बघा. पुढचा उजवा पाय थोडा मागे ओढायचा, हात वर्तुळात फिरवायचा आणि मुठीची करंगळीकडची बाजू वरून खाली हाणायची. हिचा अर्थ मात्र बहुतेक सगळे शिक्षक एकच सांगतात: कुणीतरी मनगट धरलंय, ते सोडवून त्याच हाताने मारायचं. म्हणजे धरणारा माणूस या कातात आहे हे सर्वमान्य आहे. मग तो एका हालचालीपुरता येऊन जातो कसा? माझं मत असं की तो पहिल्यापासून तिथेच आहे.

तसं धरून पहिली हालचाल पुन्हा करू. समोरच्याने त्याच्या उजव्या हाताने माझं उजवं मनगट धरलंय. मी हात फिरवून उलट त्याचंच मनगट पकडते आणि माझ्या कमरेकडे ओढते. त्याचा हात ताणला जातो, कोपर सरळ होतं, तोल पुढे येतो. एव्हाना माझा डावा हात उजव्या कानापाशी आहे. त्या क्षणी त्याने दुसरा हात फिरवला तर माझा हा डावा हात माझं तोंड झाकतो. मग तोच डावा हात त्याच्या कोपराच्या किंचित वर दाबत खाली येतो आणि माझं पुढे पडलेलं पाऊल त्या दाबात अख्ख्या शरीराचं वजन घालतं. तो वाकतो. यानंतर कातात उजव्या हाताचा ठोसा आहे. वाकलेल्या माणसाचं डोकं तोवर ठोशाच्या उंचीवर आलेलं असतं. कानापाशी हात का, पाऊल पुढे का, कमरेला मूठ का, या सगळ्यांची उत्तरं एका डावात मिळाली. आगे उकेचंही तसंच: माझा एक हात त्याचा हात खाली ओढून धरतो, माझ्या दुसऱ्या हाताचा कोपरापुढचा भाग त्याच्या हनुवटीखाली, मानेवर चढतो. मग पुढे चालत जाणंही पटतं आणि कियाईही.

त्या कमरेकडे जाणाऱ्या मुठीवर, म्हणजे हिकितेवर, मला जरा जास्त बोलायचंय. मूठ मागे नेली की पुढच्या ठोशाला ताकद मिळते, असं शिकवतात. मग बॉक्सर असं का करत नाहीत? ते दुसरा हात गालाशी ठेवतात, कारण तो कमरेला नेला की तोंड उघडं पडतं. रिकामी मूठ कमरेला नेण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही. तिच्यात काहीतरी असलं पाहिजे: समोरच्याचं मनगट, बाही, कॉलर, केस. अंधारात, धक्काबुक्कीत एका हाताने त्याला धरलं असेल तर तो कुठे आहे हे न बघताही कळतं, आणि दुसऱ्या हाताला मारायची जागा सापडते. माझ्या वर्गात कुणी रिकामी मूठ कमरेला नेली की मी विचारते, "काय आणलंस?"

वळण्याबद्दलही असाच गैरसमज आहे. कातात आपण चारी दिशांना वळतो, म्हणून चारी बाजूंनी शत्रू चाल करून आलेत, असं चित्र मुलांच्या डोक्यात असतं, मोठ्यांच्याही. शितो र्‍यू शैलीचे संस्थापक केनवा माबुनी यांनी १९३८ सालीच हे खोडून काढलंय. आठ दिशांना जाणारा काता आठ जणांशी लढण्यासाठी आहे, असं म्हणणं त्यांनी सरळ मूर्खपणात काढलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दिशा दाखवते ती आपण समोरच्याच्या कुठल्या कोनात जायचं ते. माणूस एकच, समोरचाच. आपण त्याच्या रेषेतून बाजूला होतो.

हे सगळं मग क्लासांतून गेलं कुठे? कराटेचं मूळ असलेल्या ओकिनावा या जपानी बेटावर आन्को इतोसू नावाचे शिक्षक होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी कराटे तिथल्या शाळांत नेलं आणि १९०५ च्या सुमारास मुलांसाठी पिनान नावाचे पाच काता बसवले. पुढे शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी यांनी जपानच्या मुख्य भूमीवर त्यांचंच हेयान केलं. शाळेच्या पटांगणात रांगेत उभी असलेली पोरं, एक मास्तर, आकडे मोजत हातपाय हलवायचे. तिथे कोपर कसं मोडायचं ते कोण शिकवणार? हालचाली राहिल्या, त्यांचं स्पष्टीकरण मागे पडलं. गंमत म्हणजे खुद्द इतोसूंनी १९०८ च्या पत्रात दहा सूचना लिहिल्या, त्यांत प्रत्येक हालचालीचा अर्थ नीट समजून घ्या, ती कुठल्या प्रसंगी वापरायची ते ठरवा, असं बजावलंय. कराटे आरोग्यासाठी करायचं की प्रत्यक्ष उपयोगासाठी, हेही आधी ठरवा म्हणतात. ही सूचना मी पालकसभेत दरवेळी वाचून दाखवते.

फुनाकोशींच्या १९३५ सालच्या पुस्तकात तर चक्क नऊ फेका आहेत, माणसाला उचलून किंवा अडवून पाडायचे डाव. चोकी मोतोबू हे ओकिनावाचे आणखी एक नामांकित. नाइहांची या एका काताचे ते भक्त. त्यांनी १९२६ मध्ये फोटोंसह बारा जोडसराव छापले आणि त्यांत दोघं जण इतके जवळ उभे आहेत की मध्ये फूटपट्टी मावणार नाही. लांबून उड्या मारत ठोसे टाकण्याचं कराटे पुढे विद्यापीठांच्या क्लबांतून आणि स्पर्धांतून वाढलं. ते वाईट नाही, पण ते अंतर वेगळं आहे आणि काताचं अंतर वेगळं. आपल्याकडे तालमीत कुणी ढाक नाहीतर धोबीपछाड हवेत शिकत नाही. समोर अंगाला माती लागलेला जोडीदार लागतो. ओकिनावातही तेगुमी नावाची कुस्ती मुलं लहानपणापासून खेळत. अंगाला अंग लावायची सवय त्यांना आधीच होती, काता नंतर यायचा. आपल्या क्लासांत नेमकं तेवढंच वगळलंय.

म्हणून माझ्या वर्गात मोठ्या मुलींना काताची एखादी हालचाल दाखवली की लगेच जोड्या लावते. हल्ला कराटेतला नसतो. लांबून पाऊल टाकून सरळ ठोसा मारणारा गुंड मी अजून पाहिलेला नाही. खरे हल्ले गावठी असतात: मनगट धरून ओढणं, केस धरणं, ओढणी किंवा बॅगेचा पट्टा खेचणं, दोन्ही हातांनी छातीवर ढकलणं, भिंतीला दाबणं, कानाखाली मारणं. सुरुवातीला हळू, समजुतीने. मग धरणारीला सांगते, सोडायचं नाही. मग सांगते, सोडायचं नाही आणि दुसऱ्या हाताने मारायचंही, पॅड घालून. इथे निम्म्या सुंदर बुंकाया गळून पडतात. जी उरते ती दिसायला ओबडधोबड असते. पाय घसरतात, हालचाल अर्धीच होते, मुली ओरडतात आणि मग कुठेतरी कोपराच्या वर तो हात बसतो. हेयान योंदान, म्हणजे त्या पाचांतला चौथा काता, त्याच्या शेवटाकडे दोन्ही हात वर करून काहीतरी धरायचं, खाली ओढायचं आणि गुडघा वर मारायचा, ही जागा मात्र पहिल्या दिवसापासून चालते. तिथे काय धरलंय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

एखादं स्पष्टीकरण मला मान्य आहे की नाही हे मी साध्या गोष्टींवरून ठरवते. दोन्ही हातांना काम आहे का? माझ्याहून जड माणसावर चालतं का? पहिला प्रयत्न फसला तर मी आधीपेक्षा वाईट जागी तर नाही ना? आणि समोरच्याने पुतळ्यासारखं उभं राहून तीन-चार गोष्टी करू द्याव्या लागत असतील, तर ते स्पष्टीकरण मी फेकून देते, कितीही मोठ्या माणसाने सांगितलेलं असो. कातात मर्मबिंदूंची गुप्त विद्या लपली आहे, असं सांगणारी शिबिरंही निघतात. घाबरलेल्या, घामाने निसटणाऱ्या, धडपडणाऱ्या माणसाच्या अंगावर नाण्याएवढी जागा शोधायला लावणारं तंत्र मला नको. जागतिक स्पर्धांत सांघिक काताच्या पदकाच्या सामन्यांत बुंकाईही करून दाखवावी लागते. हवेतून कात्रीसारखे पाय टाकून तिथे एकमेकांना पाडतात. मीही टाळ्या वाजवते. पण तो देखावा आहे.

काही गोष्टींना माझ्याकडे काता नाही, हेही सांगितलं पाहिजे. चाकू दिसला तर पर्स टाकायची आणि पळायचं. चाकूवरची बुंकाई मी शिकवत नाही. आठ वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसापासून काता वाचवणार नाही. तिला मी मोठ्याने ओरडायला, गर्दीकडे पळायला आणि घरी सगळं सांगायला शिकवते. काताने तिचा तोल, लक्ष आणि पाय सुधारतात, आणि तेवढ्यासाठी तिला पाठवत असाल तर जरूर पाठवा. मोठ्या मुलींनाही आधी ११२ आणि मग डाव.

कायद्याचं एक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वतःचा बचाव करण्याचा हक्क दिला आहे. पण बचावाला लागते त्याहून जास्त इजा करायची नाही, हेही कलम ३७ मध्ये आहे. धोका टळला की हक्कही संपतो. म्हणून माझ्याकडच्या एकाही जोडसरावाचा शेवट ठोशाने होत नाही. सुटलीस की मागे न बघता दारापर्यंत पळायचं, हा शेवटचा भाग. काताच्या नियमात तो बसत नाही, शेवटी जिथून निघालो तिथेच येऊन उभं राहावं लागतं. परीक्षेत मी तसं उभं करते, सरावात पळवते.

तुम्ही एखादा क्लास बघायला जाणार असाल, तर बेल्टांचे रंग आणि कपाटातल्या ट्रॉफ्या सोडा. काता चालू असताना शिक्षकांना नम्रपणे विचारा, "सर, ही मूठ कमरेला का नेली?" त्यांनी तोंडी उत्तर दिलं तर ऐकून घ्या. "इकडे या, माझं मनगट धरा, घट्ट" असं म्हणाले, तर फी विचारा.