मोहाखालची आग

नागपूर जिल्ह्यातील जंगलात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. त्या एप्रिलमध्ये दुपारी तीनच्या सुमारास माझ्या बीटात, म्हणजे वनरक्षक म्हणून माझ्याकडे असलेल्या जंगलाच्या भागात, आग लागल्याचा उपग्रहाचा संदेश मोबाइलवर आला. उपग्रहाच्या चित्रातल्या ज्या ठिपक्यावरून हा इशारा मिळतो तो साधारण ३७५ मीटर लांब-रुंद असतो, त्यामुळे नेमकी जागा शेवटी धूर पाहूनच शोधावी लागते.

माझ्याबरोबर चार हंगामी फायर वॉचर, म्हणजे आगीवर लक्ष ठेवणारे मजूर, होते आणि त्यांतला सर्वांत तरुण चोपन्न वर्षांचा होता. गावातली पोरे बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत गेली आहेत. चार महिन्यांच्या रोजंदारीसाठी ती परत येत नाहीत आणि त्यांना दोष देण्याचा मला अधिकारही नाही. आग विझवताना ब्लोअरवाल्याने पुढे राहून ज्वाळांसमोरचा पाला उडवायचा, त्याच्यामागून दोघांनी हिरव्या फांद्यांनी झोडपत जायचे आणि शेवटच्याने धुमसणारे ओंडके पाहायचे, अशी आमची पद्धत आहे. परंतु चाळीस अंशांच्या उन्हात, पाठीवर पेट्रोलने भरलेले यंत्र घेऊन, सागाच्या घोटाभर पाल्यातून चढण चढताना ब्लोअरवाला दोनदा खाली बसला आणि दुसऱ्या वेळी त्याचे ओठ पांढरे पडलेले पाहून मी यंत्र स्वतःच्या पाठीवर घेतले. जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी राखलेला मोकळा पट्टा, हिवाळ्यात जाळून साफ केलेली होती, हे खरे. पण साग त्यानंतरही पाने गाळतच राहतो, हे कागदावर कुठे दिसत नाही.

तेवढ्यात गावातले एक निवृत्त वनमजूर काठी टेकत आले. साठीला नोकरी संपून त्यांना बरीच वर्षे झाली होती.

"पोरी, आगीच्या मांगं धावू नको," ते म्हणाले, "तिच्या वाटेवर जाऊन बैस."

आग चढणीवर वेगाने धावते. म्हणून आगीमागून वर चढण्याचा नाद सोडून आम्ही टेकडीमाथ्यावरची जुनी बैलगाडीची वाट गाठायची आणि तिथून खालच्या बाजूला विरुद्ध आग लावायची, म्हणजे येणाऱ्या आगीच्या वाटेतला पाला आधीच जाळून टाकायचा, असे त्यांनी सुचवले. वारा कधी पडेल हे त्यांनी पळसाच्या पानांकडे पाहून सांगितले. आम्ही लांबच्या, सोप्या चढणीने वाटेवर पोहोचलो, वरिष्ठांना फोन केला आणि पाला पेटवला. अंधार पडल्यावर दोन्ही आगी भेटल्या आणि विझल्या.

दुसऱ्या दिवशी राखेचा माग काढत मी एका मोहाच्या झाडाखाली पोहोचले. तिथे एक आजी फुले वेचत होत्या. पाला त्यांनीच पेटवला होता, हे त्यांनी लपवले नाही. पूर्वी नातवंडे पाला झाडून द्यायची, आता ती नागपुरात राहतात. कंबर वाकत नाही, पाल्यात फूल दिसत नाही, काळ्या जमिनीवर मात्र ते लगेच दिसते, असे त्या म्हणाल्या. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगितले आणि पंचनाम्याचा कागद काढला. लिहिता लिहिता मी सुचवले की फुले पडण्याआधी झाडाखाली जाळी बांधली तर पाला जाळावाच लागणार नाही.

आजींनी टोपली कमरेवर घेतली आणि वर फांद्यांकडे पाहिले.

"बांधतो न. पण जाळी बांधाले झाडावर कोन चढन, तूच सांग."