वेटिंग रूमने लावलेलं निदान

वसईत माझं पाळीव प्राण्यांचं क्लिनिक आहे, त्यात पक्षी जास्त. पक्षी बघणारा डॉक्टर आजूबाजूला पटकन मिळत नाही त्यामुळे विरार नालासोपाऱ्यापासून मीरा रोडपर्यंतची पिंजरेवाली मंडळी आमच्याकडेच येतात. शनिवारची संध्याकाळ फक्त पक्ष्यांसाठी ठेवलीय, कारण शेजारी लॅब्रॅडॉर कुत्रा धापा टाकत बसला की बजरीची, म्हणजे त्या छोट्या पोपटाची, हालत तपासायच्या आधीच खराब होते. आणि डिसेंबरातले शनिवार म्हणजे तर विचारू नका. अर्ध्या लोकांच्या घरी नाताळ, घराघरात रंग, सफाई, गोठ्याची म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची तयारी, केक, आणि ह्या सगळ्यात पिंजरा कुठे ठेवायचा हा सगळ्यात मोठा प्रश्न. नंबर लागेपर्यंत गप्पा अशा रंगतात की कधीकधी मी हाक मारते तर म्हणतात मॅडम दोन मिनिटं, एवढं ऐकून येतो.

त्या शनिवारीही तेच चालू होतं. गिरीजच्या आंटी बजरीची नखं कापायला आल्या होत्या, एक कॉलेजचा मुलगा खांद्यावर सन कन्युअर जातीचा पोपट घेऊन, आणि भुईगावचे बँकेतून रिटायर झालेले काका बायकोचे लव्हबर्ड घेऊन. काकांना स्वतःला पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचं फार काही नाही, ते पहाटे दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर सीगल बघणारे, पण गप्पांना एक नंबर. आंटी नाताळच्या फराळाचे कुलकुल वळायला घरात कोणी बसत नाही म्हणून सुनांवर चिडलेल्या. कन्युअरवाल्याला विचारायचं होतं की केकचा तुकडा चालतो का. मी आतूनच ओरडले, नाही, चॉकलेट नाही, रमवाला केक नाही आणि अवोकाडो तर अजिबात नाही. मग आंटी म्हणाल्या त्यांनी केकसाठी नवीन नॉनस्टिक भांडी घेतलीत आणि पिंजरा किचनमध्येच असतो, तेव्हा मात्र हातातलं काम टाकून बाहेर आले. नॉनस्टिक भांडं रिकामं जास्त तापलं की त्याच्या कोटिंगमधून निघणारा धूर आपल्याला धड जाणवतही नाही पण पक्ष्यांची फुप्फुसं इतकी कार्यक्षम असतात की तो धूर त्यांच्यात पटकन भिनतो आणि काही मिनिटांत पिंजराच्या पिंजरा रिकामा होऊ शकतो. हे मी दर डिसेंबरला सांगते, दर डिसेंबरला कोणीतरी पहिल्यांदाच ऐकतं.

मग काकांनी त्यांच्या भाच्याची गोष्ट काढली. भाचा न्यू जर्सीला असतो आणि दर नाताळात तिथल्या पक्षीगणनेला जातो, थंडीत कुडकुडत दिवसभर चिमण्या मोजल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो. काका सांगत होते, पूर्वी अमेरिकेत नाताळला बंदुका घेऊन दोन गट करायचे आणि जास्त प्राणीपक्षी मारेल तो गट जिंकला, असला खेळ. १९०० साली फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीतज्ज्ञाने म्हटलं मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी २७ माणसं आली आणि ती गणना अजून चालू आहे, १४ डिसेंबर ते ५ जानेवारी. आंटी म्हणाल्या मारायचे? नाताळच्या दिवशी? कन्युअरवाला म्हणाला आंटी आपण पण कोंबड्या कापतोच की. त्यावर आंटींनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तेवढ्यात पाचूबंदरहून आजी, आजोबा आणि आठ-नऊ वर्षांची नात आली. नातीच्या हातात बुटाचा खोका, खोक्यात टॉवेल, टॉवेलवर राजा नावाचा नर कॉकाटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट. बघितल्या बघितल्या कळलं की ह्याला रांगेत बसवता येणार नाही. पाय धरत नव्हते, मान वाकडी, तुरा खाली पाडलेला, शी हिरवीगार आणि भोवती पाण्याचं वर्तुळ. टेबलावर घेतला तर एक छोटी फिट आली. फिट थांबवायला मिडॅझोलॅम दिलं, ऊबेच्या पेटीत ठेवला, ऑक्सिजन लावला आणि मग प्रश्न सुरू केले.

उत्तरं सगळी स्वच्छ. खाणं तेच, बाजरी राळं आणि कोथिंबीर. पिंजरा जुनाच, पावडर कोटिंगवाला, गंज नाही. नवीन पक्षी आणला नाही. किचन लांब. घराला रंग? नाही, गेल्या वर्षीच दिला. राजा दिवसभर मोकळा असतो पण घराबाहेर जात नाही, पंखे बंद असतात. नात प्रत्येक उत्तराला मान डोलवत होती आणि एकीकडे पेटीच्या काचेला नाक लावून राजाला शीळ घालून दाखवत होती. तो एरवी नाताळची गाणी शिट्टीवर म्हणतो म्हणे, दोन दिवस गप्प होता.

जरा स्थिर झाल्यावर भुलीचा हलका गॅस देऊन एक्सरे काढला. पेषणीत, म्हणजे दाणे दळणारी जी पिशवी असते तिच्यात, पांढरेशुभ्र ठिपके, हाडांपेक्षा कितीतरी पांढरे. धातू. एवढे ठळक ठिपके आणि सोबत ही लक्षणं म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव शिशाचं आलं. रक्त तपासून खात्री करता येते पण ९० ग्रॅमच्या पक्ष्याचं रक्त घेऊन घेऊन किती घेणार, मिलीलिटरभरसुद्धा नाही, आणि रिपोर्ट यायला वेळ जातो, तोपर्यंत पेषणी ते तुकडे दळत राहते, आम्लात ते विरघळत राहतात आणि नसांवर परिणाम वाढत जातो. त्यामुळे अशा केसमध्ये संशयावरच उपचार सुरू करतात. पण शिसं आलं कुठून ते कळल्याशिवाय घरी सोडण्यात अर्थ नव्हता, कारण घरी जाऊन तो परत तेच खाणार.

आजी-आजोबांना विचारलं, घरात शिसं कुठे आहे? दोघंही नाही म्हणाले. दार उघडंच होतं, बाहेर सगळ्यांनी ऐकलं आणि मग वेटिंग रूमच कामाला लागली. काका म्हणाले शिसं म्हणजे छर्रे, घरात कोणाकडे एअरगन आहे का? नाही. आंटी म्हणाल्या पडद्याच्या तळाला वजनं शिवतात ती बघा, माझ्या सासूबाईंच्या पडद्यांना होती. पडद्यांना नाहीत. कन्युअरवाल्याने मोबाईल काढून यादीच वाचायला घेतली, जुना रंग, सोल्डर, रंगीत काचेची तावदानं, खोटे दागिने. आजी प्रत्येकाला नाही नाही म्हणत होत्या आणि आता त्यांना थोडा रागही यायला लागला होता, आमचं घर काय भंगाराचं दुकान आहे का.

नात म्हणाली, "पण राजा घरात असतोच कुठे, तो तर गोठ्यावर बसतो."

आजी म्हणाल्या अगं गोठ्यात काय असणार, पेंढा आणि पुठ्ठा. नात म्हणाली, "आणि बाबाजीचं जाळं."

सगळ्यांनी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी आधी टोपी काढली, मग सांगितलं. ह्या वर्षी त्यांच्याकडे गोठ्यांची स्पर्धा आहे, म्हणून त्यांनी बाळ येशूला गव्हाणीत न ठेवता होडीत ठेवलंय, योसेफ नाखवा, मागे पुठ्ठ्याचा किल्ला, आणि वरून माळ्यावरचं जुनं जाळं छान लोंबत सोडलंय. जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या तशाच. काका मांडीवर थाप मारून उठलेच, लव्हबर्डचा पिंजरा पडता पडता राहिला.

शिसं मऊ असतं, कॉकाटीलच्या चोचीला ते खरवडायला मजा येते. जाळ्याच्या दोरीवर बसून राजा दिवसभर तेच करत होता आणि घरच्यांना वाटत होतं त्याला बाळ येशू आवडलाय. हा प्रकार काही आपल्याकडचाच नाही, इंग्लंडमध्ये नदीकाठच्या गळवाल्यांनी टाकलेलं शिसं खाऊन हंस मरायला लागले तेव्हा १९८७ साली तिथे गळाच्या छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली. हे मी सांगितल्यावर आजोबा हळूच म्हणाले, मग ते लोक काय बांधतात गळाला? आता ह्याचं उत्तर मला कुठे माहीत.

पुढची मारामार इंजेक्शनची. शरीरातलं शिसं बांधून बाहेर काढणारं कॅल्शियम इडीटीए इथल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. मी फोनवर फोन करत होते, शेवटी परळच्या एका दुकानात सापडलं, पण शनिवार संध्याकाळ, आणणार कोण? कन्युअरवाल्या मुलाचा भाऊ दादरला कामाला आहे असं कळलं. त्याने सुटल्यावर उलटं परळला जाऊन औषध घेतलं आणि विरार फास्टमध्ये डबा डोक्यावर धरून आणला, बर्फाच्या पिशवीसकट. बर्फाची गरज नव्हती पण आंटींनी फोनवर दम दिला होता. आंटींची नखं कापायची, म्हणजे त्यांच्या बजरीची, ती त्या दिवशी राहूनच गेली, त्या नऊ वाजेपर्यंत नातीला जवळ घेऊन बसल्या होत्या.

राजाला दिवसातून दोनदा इंजेक्शन, सलाईन कातडीखाली, नळीने पातळ खाणं. पहिली रात्र काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या असिस्टंटच्या बोटाला कडकडून चावा घेतला तेव्हा आम्ही दोघी खूश झालो, असिस्टंट जरा कमी. मग एक्सरेत ठिपके कमी दिसायला लागले, पुढचं औषध तोंडावाटे द्यायचं ठरवून घरी सोडला. सोडताना आजोबांना बजावलं की जाळं नुसतं उचलू नका, खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने पुसा, आणि नातीचंही रक्त एकदा शिशासाठी तपासून घ्या कारण गोठा लावायला तीच पुढे होती. नातीचा रिपोर्ट नॉर्मल आला, तो दाखवायला आजी स्वतः आल्या, सोबत कुलकुलांचा डबा. डब्यावर चिठ्ठी, वेटिंग रूमसाठी. डबा आंटींनी फोडला, आणि पहिलं कुलकुल तोंडात टाकून म्हणाल्या नारळाचं दूध कमी पडलंय.

आजोबा नाताळनंतर राजाच्या तपासणीला आले. शिशाच्या सगळ्या गोळ्या कापून काढल्या होत्या, शिशाला किलोला भाव मिळतो त्यामुळे डब्यात बंद करून ठेवल्यात. स्पर्धेचं विचारलं तर तोंड वाकडं केलं. दुसरा नंबर. शिसं काढल्यावर जाळं वजनाला राहिना, पंखा लावला की सगळं योसेफाच्या तोंडावर. "परीक्षक सगळे वाडीवाले," आजोबा म्हणाले, "केळी लावणारी माणसं, त्यांना जाळ्यातलं काय कळतंय."